स्टार्टर का क्लोजर? पोराला कशाला लावावं

परभणीकर: मंडळी, भाचा आठवीला हाय, शाळेच्या बेसबॉल टीममध्ये पिचर, म्हंजी बॅटरला बॉल टाकणारा. सर कधी पहिल्या इनिंगपासून टाकायला लावायलेत (स्टार्टर) तर कधी डायरेक्ट शेवटच्या इनिंगला (क्लोजर). दाजी म्हणायलेत एकच काय ते धर, नाहीतर धड ना हे धड ना ते होईल. अमेरिकेच्या मोठ्या लीगमध्ये दोन्ही करून कुणी नाव काढलंय का?

लातूरी_तडका: जॉन स्मोल्ट्झ बघ की, अटलांटा ब्रेव्ह्जचा. 1996 ला स्टार्टर म्हणून 24 मॅच जिंकला, साय यंग अवॉर्ड (वर्षाच्या बेस्ट पिचरचं) घेतलं, मग कोपराचं ऑपरेशन झालं अन् 2000 चा अख्खा सीझन गेला, आल्यावर क्लोजर केला तर 2002 ला 55 सेव्ह (म्हंजी शेवटी येऊन टीमची थोडकी आघाडी राखून मॅच जिंकून देणं), अन् 2005 ला गडी परत स्टार्टर! एकूण 213 विजय, 154 सेव्ह. 200 अन् 150 दोन्ही पार केलेला एकटाच. लई चिवट माणूस.

नांदेडचा_बॅटर: एकर्स्लीला कसं विसरला बे? 1977 ला नो-हिटर (अख्ख्या मॅचमध्ये समोरच्यांना एकही हिट न देणं) टाकलेला स्टार्टर, ओकलंडला जाऊन क्लोजर झाला, 1992 ला 51 सेव्ह, साय यंग अन् एमव्हीपी (लीगमधला सगळ्यात मोलाचा खेळाडू) दोन्ही. 1988 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लंगडणाऱ्या गिब्सननं त्याच्या स्लायडरवर (बाजूला वळणाऱ्या बॉलवर) होमरन मारलं तरी डगमगला नाही.

जुना_कोच: क्लोजरचं दोन पिचवर (बॉल टाकायच्या दोन तऱ्हांवर) भागतं, स्टार्टरला तिसरा लागतोच, कारण तेच बॅटर फिरून फिरून समोर येतात. म्हणून आत्ता दोन्ही करू द्या, पण बॉल मोजा. अमेरिकेत 13-14 च्या पोरांना दिवसाला 95 च्या वर टाकू देऊ नका म्हणतात.

परभणीकर: मोजायचं तर कुणाच्या ध्यानातच नव्हतं. उद्याच सरांना गाठतो.