मदत हवी आहे: कॉलेजच्या वार्षिक अंकाची मांडणी आणि छपाई

नमस्कार मंडळी. रत्नागिरीजवळच्या आमच्या कॉलेजचा वार्षिक अंक यंदा आम्हा विद्यार्थ्यांकडे आलाय. सरांनी 'खाडी' हा विषय दिला आणि बाकीचं तुम्हीच बघा म्हणाले! मजकूर भरपूर जमलाय. एका गाबित (कोकणातला मच्छीमार समाज) आजींची मुलाखत तर अशी झालीय की त्यातला एक शब्द कापवत नाही.

अडलंय ते फॉन्टवर. निम्मे लेख श्रीलिपीत, म्हणजे युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये, टाइप केलेले, निम्मे मोबाइलवर युनिकोडमध्ये. कन्व्हर्टरमधून काढले की रफार आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसतात. इनडिझाइन या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर (भारतीय लिप्या नीट जुळवणारी सोय) लावल्यापासून जोडाक्षरं तरी नीट दिसतायत. पण कन्व्हर्ट केलेल्या लेखांचं मुद्रितशोधन करत बसावं की सरळ नव्याने टाइप करावेत? माझा कल टाइप करण्याकडे आहे, मित्र वैतागलेत.

दुसरं, पानं. 16 पानांचा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापली जाणारी पानं) धरला तर 64 सोयीची, पण आजींसाठी मला 72 हवीत. अर्ध्या फॉर्मचा खर्च कितपत वाढतो? आत 70 जीएसएम (कागदाच्या जाडी-वजनाचं माप) मॅपलिथो कागद घेतला तर 72 पानांना मधोमध पिना चालतील की पाठीला गोंद लावून परफेक्ट बाइंडिंगच करावं?

फोटो बहुतेक व्हॉट्सॲपवरून आलेत, छपाईला लागणाऱ्या 300 डीपीआयला (इंचामागे ठिपके) पुरणारे नाहीत. मूळ फाइली मागवतोय.

छपाई रत्नागिरीतच करावी की कोल्हापूरला? तिकडे दर कमी पडेल असं ऐकतो, पण प्रूफ बघायला आंबा घाट चढायचा म्हणजे दिवस गेला. कुणी अलीकडे अंक काढला असेल तर अनुभव सांगा.