देऊळ रोमन काळातलं नाही

रोमच्या व्हिला बोर्गेझे बागेतल्या तळ्याकाठचं देऊळ प्राचीन असल्याचं तुम्ही लिहिलंय. नाही हो, ते १८व्या शतकाच्या अखेरचं! बोर्गेझे घराण्यातल्या कार्डिनल (वरिष्ठ कॅथलिक धर्मगुरू) शिपिओनेने १७व्या शतकात उभारलेल्या या बागेचं रूप मार्कान्तोनिओ बोर्गेझेने आंतोनिओ आस्प्रुची या वास्तुकाराकडून पालटून घेतलं. तळं या फेरबदलाच्या वेळचंच, आणि आयोनिक (वर गुंडाळीसारखी नक्षी असलेल्या ग्रीक शैलीच्या) खांबांचं ते एस्क्युलापियस या वैद्यकाच्या देवाचं देऊळही. आतली मूर्ती मात्र खरोखर प्राचीन, म्हणजे देव जुना, घर नवं. पिआत्सा दि सिएना हे मैदानही त्याच फेरबदलातलं. बोर्गेझे घराणं मूळचं सिएना शहरातलं, म्हणून ते नाव. मला हा उसना जुनेपणा खटकत नाही, कारण देऊळ पाण्यातल्या प्रतिबिंबासकट पाहायचं असतं. बाकी, बाग रोम शहराच्या मालकीची झाली ती थेट १९०३ मध्ये.