फुलपाखरांची बाग पुन्हा उभी करतोय, पण अळ्या टिकत नाहीत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या वसाहतीच्या सामाईक जागेत पूर्वी फुलपाखरांची बाग होती. लक्ष द्यायला कोणी उरलं नाही आणि घाणेरीच्या (लँटाना) झुडपांनी ती गिळून टाकली. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही पाचजण ती पुन्हा उभी करतोय. शनिवारी परिसरातली मुलं येतात, त्यांना दाखवता यावं हाच मुख्य हेतू.

जुन्या बागेत नुसती मधाची झाडं होती. फुलपाखरं यायची, मध पिऊन जायची. अंडी घालायला मात्र प्रत्येकीला आपलं ठरलेलं झाड लागतं. लाइम बटरफ्लायला लिंबू, कढीपत्ता किंवा बेल, प्लेन टायगरला रुई, एमिग्रंटला बहावा, क्रिमझन रोजला सापसंद. म्हणून या वेळी आधी तीच लावली.

कढीपत्त्यावर लाइमच्या अळ्या दिसल्या. लहान असताना हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारख्या, मोठ्या झाल्या की हिरव्यागार. एका मुलीने काडीने हलकेच स्पर्श केला, तर अळीने डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढलं आणि उग्र वास सुटला. सगळी मुलं गुडघ्यांवर बसून अर्धा तास तिथेच!

पुढच्या शनिवारी त्या झाडाला पान उरलं नव्हतं, अळ्याही नव्हत्या. कीड पडली समजून कोणीतरी छाटून टाकलं होतं. खूप वाईट वाटलं. खाल्लेली पानं हेच बाग चालू असल्याचं लक्षण आहे, हे रहिवाशांना आणि माळीदादांना कसं पटवलंत? पाटी लावून फरक पडतो का?

दुसरी अडचण रोपांची. विकत आणलेल्या कढीपत्त्यावरच्या अळ्या दोन दिवसांत काळ्या पडून मेल्या. आधीच्या फवारणीचा अंश असावा असा माझा संशय आहे. अशी रोपं किती दिवस वेगळी ठेवता? की बियांपासूनच करावीत?

रुईबद्दल मनात धाकधूक आहे. प्लेन टायगरसाठी ती हवीच, पण चीक डोळ्यात गेला तर इजा होते, आणि इथे लहान मुलं असतात. कुंपणापलीकडे लावली तर चालेल का? रुईऐवजी हळदीकुंकू नावाचं झुडूप लावा असं काहीजण सुचवतात, पण ते मूळचं अमेरिकेतलं, शिवाय चीक त्यालाही असतोच.

घाणेरीही परदेशीच, पण सध्या मधासाठी फुलपाखरं तिच्यावरच जास्त दिसतात. नुसती कापली तर पुन्हा फुटते, म्हणून मुळासकट उपटायची आहे. एकदम काढली तर मधाचा तुटवडा होईल अशी भीती वाटते. पट्ट्यापट्ट्याने काढून तिथे कोरांटी, खुळखुळा लावायचा विचार आहे. कोणी असं केलंय का? एका पावसाळ्यात किती भाग मोकळा केलात?

फोटो असतील तर जरूर टाका, मुलांना दाखवेन.