मदत हवी आहे: विहिरीत निघालेले हे गोल दगड अंडी आहेत का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव बेळगावपासून जवळच, कडोलीच्या बाजूला. गेल्या आठवड्यात शेतात विहीर खणायला घेतली. वरची काळी माती संपून मुरूम लागला आणि साधारण १५ फुटांवर जेसीबीच्या बकेटमध्ये गोल गोल धोंडे यायला लागले. काही नारळाएवढे, दोन तर चांगल्या भोपळ्याएवढे. वरून कांद्यासारखे पापुद्रे सुटतात, आतला गोळा मात्र टणक. जेसीबीवाला गोकाककडचा. त्यानं बघितल्या बघितल्या "तत्ती, तत्ती!" म्हणून आरोळी ठोकली. (कन्नड न येणाऱ्यांसाठी: अंडं.) संध्याकाळपर्यंत डायनासोरची अंडी बघायला अर्धा गाव बांधावर.

त्याच ढिगात आणखी दोन वस्तू मिळाल्या. एका चपट्या दगडावर नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी आहे. दुसरा दगड फुटला तर आत पोकळी, आणि पोकळीत पांढऱ्या सुयांचे झुपके. काका म्हणतात ही कसल्यातरी प्राण्याची हाडं. आजीनं सगळ्यात मोठ्या धोंड्याला हळदकुंकू लावून तो तुळशीपाशी नेऊन ठेवलाय. मी बी.कॉम., दगडातलं मला काही कळत नाही. खरंच जीवाश्म असतील तर विहिरीचं काम थांबवावं लागेल, म्हणून घाईनं विचारतोय.

प्रतिसाद १
दादा, काम थांबवू नका. तुमच्या गावाखाली दख्खनचा काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. लाव्हा थंड होताना त्याला उभ्याआडव्या भेगा पडतात आणि खडकाचे चौकोनी ठोकळे होतात. भेगांत पाणी मुरतं. ठोकळ्याच्या कोपऱ्याला ते तीन बाजूंनी खातं, कडेला दोन बाजूंनी, सपाट अंगाला एकाच बाजूनं. म्हणून कोपरे आधी झिजतात, गोळा उरतो, आणि कुजलेला भाग पापुद्र्यापापुद्र्यानं सुटतो. तुम्ही 'कांद्यासारखे' लिहिलंत तिथंच उत्तर आलं. अंड्याला एक पातळ कवच असतं, एकावर एक दहा साली नसतात. शिवाय एका घरट्यातली अंडी साधारण एका मापाची असतात. नारळ आणि भोपळा एकाच घरट्यात कसे येतील?

प्रतिसाद २
नक्षीच्या दगडाबद्दल. भिंग असेल तर पानाला मधली शीर आहे का बघा. नसणार. भेगेत शिरलेल्या पाण्यातून मँगनीज साचतं आणि ते असं फांद्या फुटत पसरतं. खिडकीच्या काचेवर दव गोठतं तसं, पण आपल्याकडं ते कुणी बघितलंय म्हणा! मीही कॉलेजात असताना असला एक दगड वर्षभर 'नेचा' म्हणून कपाटात जपला होता. सरांनी हसून परत दिला.

सुयांचे झुपके म्हणजे झिओलाइट नावाचं खनिज. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची पोकळी राहते, नंतर खनिजं विरघळलेलं पाणी तिच्यात झिरपतं आणि स्फटिक वाढतात. गारगोट्याही अशाच पोकळ्यांत तयार होतात. हाड मोडलं की आत जाळीदार दिसतं, एका बिंदूतून फुटलेल्या सुया दिसत नाहीत. थोडी पूड खरवडून लिंबू पिळा. फसफसलं तर कॅल्साइट (चुन्याचं खनिज), नाही तर बहुधा झिओलाइट. हातोडा मात्र मारू नका, सुंदर नमुना असेल.

प्रतिसाद ३
वरच्या दोघांशी सहमत, पण आपल्या जिल्ह्यात जीवाश्म नाहीतच असं कुणी समजू नये. दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांचा गाळ नंतरच्या लाव्हाखाली दबला. गोकाक तालुक्यात ममदापूरला असा थर आहे, पण त्यातले जीव भिंगाखाली शोधावे लागतात. तेव्हा विहिरीत काळ्या पाषाणाच्या मध्येच चिकणमातीचा किंवा चुनखडीचा पातळ पट्टा लागला तर तो नीट बघा. गोल धोंड्यांपेक्षा त्यात काही मिळायची शक्यता जास्त.

गोकाकच्या धबधब्याजवळचे लाटालाटांचे दगड 'माशाचे खवले' म्हणून दाखवतात, तेही तसंच. तो वालुकाश्म, उथळ पाण्यातल्या लाटांनी वाळूवर उमटवलेल्या रेघा. तो थर बसला तेव्हा जगात मासेच नव्हते. उलट बागलकोट जिल्ह्यातल्या लोकापूरकडच्या डोलोमाइटात (चुनखडीसारखा खडक) कोबी कापल्यासारख्या थरांचे दगड आहेत, ते खरे सूक्ष्मजीवांनी रचलेले. त्यांच्याकडं ढुंकून कुणी बघत नाही.

आणि आजींना रागावू नका. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात लोक गोल दगडांना कुलदैवत म्हणून पुजत होते, ती २०२३ मध्ये खरोखर डायनासोरची अंडी असल्याचं कळलं. पण तिकडचा खडक वेगळा, लाव्हाखालचा गाळाचा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. लिंबू पिळलं, काही फसफसलं नाही. भिंग शेजारच्या शाळकरी पोराकडून आणलं, मधली शीर खरंच नाही. एका धोंड्याचे पापुद्रे हातानं सोलले: अकरा निघाले, आत तोच काळा दगड. जेसीबीवाल्याला सांगितलं तर म्हणाला, मग भरावाला घालतो. तुळशीपाशी ठेवलेला सोडून बाकीचे दिले.

एक विचारायचं राहिलं. काल २२ फुटांवर वीतभर जाडीचा तांबडा मातीसारखा पट्टा लागलाय, वर-खाली काळा पाषाण. प्रतिसाद ३ वाले म्हणतात तो हाच का? उद्या सकाळी बकेट लागायच्या आत कुणी सांगितलं तर बरं होईल.