सहा कायमचे दात नाहीत, जनुकचाचणी कोणती पाठवावी?

प्रश्न: घणसोली_डेंटल
मुलगी साडेनऊ वर्षांची. ओपीजीत (सगळ्या जबड्याचा एक्स-रे) १२, २२ (वरचे पार्श्वकृंतक, म्हणजे मधल्या दोन दातांच्या बाजूचे) आणि १५, २५, ३५, ४५ (दुसऱ्या उपदाढा, म्हणजे सुळा आणि मोठ्या दाढा यांच्या मधल्या) यांचे कोंब दिसत नाहीत. दुधाचे दात सगळे आले होते. केस, नखं, घाम ठीक. वडिलांचा २२ बारीक, सुळ्यासारखा आहे. आजीला "खालच्या दाढा आल्याच नाहीत" असं घरचे सांगतात. पालकांना पुढच्या मुलाबद्दल विचारायचं आहे. पॅनेल (ठरावीक जनुकांची चाचणी) पाठवू की एक्सोम (सगळ्या जनुकांच्या प्रथिन बनवणाऱ्या भागांची)?

ठाणे_ऑर्थो
आधी मोजणी पक्की करा, मग जनुक. अक्कलदाढा सोडून सहा किंवा जास्त दात नसतील तरच ऑलिगोडोन्शिया (जन्मतः बरेच दात नसणं) म्हणायचं. दुसऱ्या उपदाढेचा कोंब क्वचित नवव्या वर्षानंतरही दिसायला लागतो, त्यामुळे वर्षभराने ओपीजी पुन्हा काढा. दोन कोंब उगवले तर तुमचे सहाचे चार होतील. पुढच्या दातांवर ओपीजीत मणक्याची सावली पडते, म्हणून १२, २२ साठी छोटा आयओपीए (एक-दोन दातांचा एक्स-रे) घ्या.

आजीचं तोंडी सांगणं तसंच धरू नका. त्या पिढीत मिश्री होती आणि दाढा उपटूनही घेत. "दुधाची दाढ म्हातारपणापर्यंत राहिली होती का?" असं विचारा. हो म्हणाल्या तर ती माहिती कामाची. वडिलांचा ओपीजी मात्र हवाच. तो बारीक २२ त्याच दोषाचं सौम्य रूप असू शकतो.

जनुक_समुपदेशक_नेरूळ
नमुना बघता माझा पहिला संशय डब्ल्यूएनटी१०ए या जनुकावर. पार्श्वकृंतक आणि उपदाढा दोन्ही जाण्याचं ते नेहमीचं कारण. एमएसएक्स१ मध्ये बहुधा दुसऱ्या उपदाढा आणि अक्कलदाढा जातात, कधी टाळूही दुभंगतो. पीएएक्स९ मध्ये मोठ्या दाढा जातात, आणि तुमच्या यादीत एकही नाही.

पॅनेलमध्ये एमएसएक्स१, पीएएक्स९, एक्सिन२, डब्ल्यूएनटी१०ए, डब्ल्यूएनटी१०बी, एलआरपी६, ईडीए, ईडीएआर, ईडीएआरएडीडी एवढे तरी असावेत. लॅबला एक प्रश्न लेखी विचारा: अख्खं जनुक गळालं असेल तर तुमची पद्धत ते पकडते का? पीएएक्स९ पूर्ण गळाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. फक्त डीएनएच्या अक्षरांतले बदल शोधणारी चाचणी अशा वेळी "निगेटिव्ह" म्हणेल आणि पालक निर्धास्त होतील.

मुलीसोबत आईवडिलांचंही रक्त जांभळ्या टोपीच्या नळीत घ्या. "अर्थ अनिश्चित" असा बदल निघाला, तर तो वडिलांत आहे का हे बघूनच पुढे जाता येतं.

पालकांना सांगताना जपून. प्रभावी वारसा (एकाच पालकाकडून आलेला बदल पुरेसा) असेल तर प्रत्येक गर्भाला बदल मिळण्याची शक्यता ५० टक्के, पण दात किती जातील ते त्यावरून कळत नाही. एकाच घरात एकाचा दात फक्त बारीक, दुसऱ्याचे आठ गायब, असं होतं.

घणसोली_डेंटल
एक्सिन२ बद्दल? त्यात मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा उल्लेख वाचला.

जनुक_समुपदेशक_नेरूळ
२००४ साली फिनलंडच्या एका कुटुंबात दात नसणं आणि मोठ्या आतड्याच्या गाठी एकत्र दिसल्या, तिथून ते पुढे आलं. म्हणून तीन पिढ्यांची वंशावळ काढताना आतड्याचा कॅन्सर आणि पॉलिप (आतड्यातल्या गाठी) विचारा. पण दात नाहीत एवढ्यावरून कोणाची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने आतड्याची तपासणी) सुचवू नका. आधी एक्सिन२ मध्ये रोगकारक बदल निघू दे. आणि हे चाचणीच्या आधी सांगा, रिपोर्ट हातात देताना नाही.

ऐरोली_पेडो
मुलगा असता तर ईडीए आधी बघावं लागलं असतं. ते एक्स गुणसूत्रावर. त्यात बिघाड असलेल्या मुलग्यांना घाम जवळजवळ येत नाही, ठाण्याच्या मे महिन्यात ताप चढतो. त्यांच्या आईचा एखादा वरचा पार्श्वकृंतक नसतो, कोणी लक्ष देत नाही. डार्विनने सिंधमधल्या अशाच एका हिंदू कुटुंबाचा उल्लेख केला आहे: पुरुषांना दात थोडे, केस विरळ, घाम नाही, आणि वारसा मुलींकडून.

मुलीच्या दुधाच्या दुसऱ्या दाढा आता काढू नका. खाली कायमची नसेल आणि मुळं शाबूत असतील तर त्या तिशीपर्यंतही टिकतात. शेजारच्या दातांपेक्षा खाली जाऊ लागल्या की मात्र ऑर्थोकडे (दात सरळ करणाऱ्या डॉक्टरकडे) लगेच. इम्प्लांट वाढ थांबेपर्यंत नाही, नाहीतर बाकीचे दात पुढे येतात आणि तो खाली राहतो.