स्पॅनिश आकडे: पंधराच्या पुढे काय?

प्रश्न
मी नुकतीच स्पॅनिश शिकायला सुरुवात केली आहे. 'उनो'पासून 'किन्से'पर्यंत, म्हणजे एक ते पंधरा, पाठ झाले आहेत. मात्र पुढचे आकडे कधी एका शब्दात, तर कधी तीन शब्दांत लिहिलेले दिसतात. शिवाय एकासाठी 'उन' आणि 'उना' अशीही रूपे आढळतात. यामागे काही नियम आहे, की मराठीप्रमाणे शंभरपर्यंत घोकावेच लागते?

प्रतिसाद १
घोकंपट्टी पंधरापाशी जवळजवळ संपते. सोळा म्हणजे 'दिएसिसेइस', अर्थात दहा आणि सहा. अशी जोडणी एकोणतीसपर्यंत ('वेइन्तिनुएवे') एका शब्दात लिहितात आणि एकतिसापासून 'त्रेइन्ता इ उनो' असे तीन सुटे शब्द होतात. त्यामुळे दशकांची नावे तेवढी पक्की करावीत. त्यातही 'सेसेन्ता' (60) आणि 'सेतेन्ता' (70) ही जोडी ऐकताना हमखास फसवते. 'इ' फक्त दशक आणि एकक यांच्यामध्येच येतो, म्हणून 105 म्हणजे नुसते 'सिएन्तो सिंको'.

प्रतिसाद २
'उन' आणि 'उना' हा लिंगाचा प्रश्न आहे. पुल्लिंगी नामापूर्वी 'उन लिब्रो' (एक पुस्तक), स्त्रीलिंगी नामापूर्वी 'उना कासा' (एक घर). एकवीस घरेही 'वेइन्तिउना कासास'च होतात. दोन, तीन, चार बदलत नाहीत, परंतु 200 ते 900 हे शेकडे बदलतात: 'दोसिएन्तोस लिब्रोस', पण 'दोसिएन्तास कासास'. नवशिक्यांच्या पुस्तकांत हा भाग फार उशिरा येतो, असे माझे मत आहे. नेमके शंभर असतील तर 'सिएन', एकशे एकपासून 'सिएन्तो'. 500, 700 आणि 900 मात्र पाठच करावे लागतात: 'किनिएन्तोस', 'सेतेसिएन्तोस', 'नोवेसिएन्तोस'.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. हजाराच्या पुढे, विशेषतः लाख-कोटी आणि सन, कसे म्हणतात?

प्रतिसाद ३
एक हजार म्हणजे नुसते 'मिल'. त्याआधी 'उन' लावत नाहीत. लाखासाठी 'सिएन मिल' (शंभर हजार) आणि कोटीसाठी 'दिएस मियोनेस' (दहा दशलक्ष) म्हणावे लागते. 'बियोन' ऐकून इंग्रजीतला बिलियन समजू नये, कारण स्पॅनिशमध्ये तो एकावर बारा शून्ये इतका मोठा आकडा आहे. सन सांगताना आपण 'एकोणीसशे ब्याण्णव' म्हणतो तशी शेकड्यांची सोय तिथे नाही. 1992 हे पूर्ण 'मिल नोवेसिएन्तोस नोवेन्ता इ दोस' असेच वाचतात.