भावाला एकट्याने बसने जायचंय, माझाच हात सुटत नाहीये

धाकट्याचीताई
बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय.

माझा धाकटा भाऊ २७ वर्षांचा आहे, डाऊन सिंड्रोम आहे. गेले सात महिने तो आठवड्यातून दोनदा एका वाचनालयात परत आलेली पुस्तकं कपाटात लावायला जातो. पगार नाही, पण काम खरं आहे. पुस्तकावरच्या चिठ्ठीचा आकडा बघायचा, कप्पा शोधायचा, पुस्तक सरकवायचं. आधी मी शेजारी उभी राहायचे. एकदा घाईत मी एक पुस्तक भलत्याच कप्प्यात खोचलं. त्याने ते मुकाट्याने काढून जागेवर लावलं आणि माझ्याकडे असं काही पाहिलं की त्या दिवसापासून मी बाहेरच्या बाकावर बसते.

आता त्याला बसनेही एकट्याला जायचंय. अकरा थांबे, बस बदलायची नाही, उतरल्यावर एक रस्ता ओलांडायचा. मोठ्या अक्षरातलं वाचतो. घड्याळ कळतं, पण ‘अजून किती वेळ’ हे कळत नाही. अनोळखी माणसाने काहीही विचारलं की हसून ‘हो’ म्हणतो. आई म्हणते, तू नेतेयस ना, मग हा हट्ट कशाला? खरं सांगायचं तर आईला पुढे करून मीच मागे लपलेय. कोणी असं शिकवलंय का? सुरुवात कुठून केलीत?

खडूफळा
मी विशेष शिक्षिका. सुरुवात शेवटाकडून करा. म्हणजे पहिले काही दिवस सगळा प्रवास तुमच्याबरोबर, फक्त वाचनालयाच्या फाटकापासून आत तो एकटा. मग रस्ता ओलांडल्यापासून एकटा. मग रस्ता ओलांडणं, मग बसमधून उतरणं. असं मागे मागे सरकत घरापर्यंत या. यात तो रोज पोहोचण्यावर संपवतो, अर्ध्यात अडकण्यावर नाही. पुढचं पाऊल कधी, हे तारखेवर ठरवू नका. लागोपाठ चार-पाच वेळा तुम्ही न सांगता जमलं की ठरवा.

थांबे मोजायला मुळीच शिकवू नका. चढणारं-उतरणारं कोणी नसलं की बस थांबतच नाही आणि मोजणी कोलमडते. उतरायच्या थांब्याआधीची एखादी न हलणारी खूण त्यालाच शोधू द्या. पूल, पाण्याची टाकी, काहीही. तुम्हाला ठळक वाटणारी नव्हे, त्याला दिसणारी. ‘आता उठ’ म्हणू नका. ‘आता काय?’ विचारा, नंतर तेही नको, नुसतं खिडकीकडे बघा. मग दोन रांगा मागे बसा.

आणि एकदा मुद्दाम एक थांबा आधी उतरा त्याच्याबरोबर. चुकल्यावर काय करायचं, हा धडा बहुतेक घरं देतच नाहीत, आणि बाहेर उपयोगी तोच पडतो.

मला बसपेक्षा त्या ‘हो’ची जास्त काळजी वाटते. ‘मला कळलं नाही, परत सांगा’ हे वाक्य आधी पाठ करून घ्या. घरातल्यांवर नको, त्याला फारसं न ओळखणाऱ्यांवर सराव.

चाकावरून
सेरेब्रल पाल्सी, व्हीलचेअर, बोलणं जरा अडखळत. त्यामुळे मी तुमच्या भावाच्या बाजूने लिहितोय.

एका बुद्धिबळ मंडळात मी दोन वर्षं सभासद होतो. सगळे फार छान वागायचे. खुर्चीला जागा करून द्यायचे, हरलो तरी टाळ्या. थोडक्यात, पाहुणा होतो. मग स्पर्धेत कोणाची कोणाशी लढत हे लावायचं काम माझ्याकडे आलं. एका रविवारी मी न कळवता गेलो नाही, तर डाव चाळीस मिनिटं उशिरा सुरू झाले. पुढच्या वेळी सगळ्यांदेखत मला झापलं. घरी येऊन हे मी इतक्या आनंदाने सांगितलं की वडिलांना वाटलं बक्षीस मिळालं.

तेव्हा एक विचारतो. भाऊ आला नाही तर वाचनालयाचे लोक फोन कोणाला करतात?

एकआई
वाचून बरं वाटलं आणि वाईटही. माझी मुलगी बोलत नाही, तिला प्रत्येक गोष्टीला माणूस लागतो, कायम लागेल. स्वावलंबन म्हटलं की आम्ही नापासच.

चाकावरून
@एकआई, अजिबात नाही. अमेरिकेतल्या एड रॉबर्ट्स यांना चौदाव्या वर्षी पोलिओ झाला, मानेखालचं शरीर जवळपास लुळं पडलं, श्वासालाही यंत्र लागायचं. त्यांना उठवायला, भरवायला माणूस लागायचाच. तरी ते बर्कलीच्या विद्यापीठात शिकले आणि १९७२ मध्ये तिथेच स्वतंत्र जगण्यासाठीचं केंद्र उभं करणाऱ्यांत होते. दिव्यांगांच्या त्या चळवळीत प्रश्न ‘स्वतः करतो का’ हा नव्हताच. ‘कोण ठरवतं’ हा होता. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग हक्क करारात कलम १९ आहे, तेही हेच म्हणतं: कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे निवडता आलं पाहिजे, आणि समाजात राहण्यासाठी लागणारी मदत मिळाली पाहिजे. मदत घेणं हा त्या हक्काचाच भाग आहे.

मुलगी बाहेर कुठे जाते का? तिथे काय करायचं ते कोण निवडतं?

एकआई
पोहायला. वेळ मी ठरवते, पोशाख मी ठरवते. फुगा घ्यायचा की फळी हे मात्र ती हाताने दाखवते, आणि चुकीचं दिलं तर फेकते.
आजवर मी याला हट्ट म्हणत होते.

धाकट्याचीताई
पाच आठवड्यांनी लिहितेय. आम्ही रस्त्यापर्यंत मागे आलोय. तो ओलांडतो, मी पलीकडच्या बाजूला उभी असते. गेल्या शुक्रवारी तो पाच मिनिटं हललाच नाही, कारण एकही गाडी येत नव्हती आणि त्याला मी ‘गाडी गेली की जा’ असं शिकवलं होतं. चूक माझी. वाक्य बदललंय.

खूण त्याने शोधली. मी पूल सुचवला होता, त्याने एका भिंतीवरचं निळं पत्र्याचं दार धरलंय. मला ते सात महिन्यांत एकदाही दिसलं नव्हतं.

@चाकावरून, फोन मलाच यायचा. मी वाचनालयात त्याचा नंबर दिला. परवा त्यांनी पहिल्यांदा त्याला फोन केला, शुक्रवारी लवकर येशील का म्हणून. त्याने ‘मला कळलं नाही, परत सांगा’ म्हटलं, पुन्हा ऐकून घेतलं आणि ‘नाही’ म्हणून ठेवून दिला. का नाही, ते मलाही सांगितलेलं नाही.